शिवाराची स्मृती जपणारे वृद्ध

बंगळूरच्या बसवनगुडीत कार्तिकातील शेवटच्या सोमवारी 'कडलेकाई परिषे' ही भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. बैलाने पीक फस्त करू नये म्हणून सुंकेनहळ्ळी, मावळ्ळी आदी गावांतील शेतकऱ्यांनी नंदीला पहिले पीक वाहण्याचा नवस केला, अशी आख्यायिका आहे. आज ही गावे महानगरात सामावली आहेत. जत्रा टिकली, मात्र शिवार गेले आणि त्याबरोबर तेथील पिकाची, किडींची रोजची ओळखही संपली.

आपल्याकडे शिवार आहे. परंतु ते जाणणारे अनेक वृद्ध गावात एकटे राहतात. मुले शहरात, सातबारा मुलांच्या नावे आणि कृषी सल्ला भ्रमणध्वनीवर. त्यामुळे विस्तार कार्यात या वृद्धांशी क्वचितच संवाद होतो.

हुमणीचे उदाहरण घेऊ. भुईमूग व उसाची मुळे खाणाऱ्या या अळीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर सायंकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोर यांचा पाला खातात आणि पहाटेपूर्वी मातीत परततात. फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून नष्ट करावेत, ही शिफारस परिचित आहे. परंतु गावातील नेमक्या कोणत्या झाडांवर ते अधिक जमतात, कोणत्या पट्ट्यात हुमणी आधी लागते, हे शिफारशीत नसते. बांधावर आयुष्य घालवलेल्या व्यक्तीला ते ठाऊक असते. भुंगेरे वेचण्याचे दिवस मोजकेच असल्याने ही माहिती मोलाची ठरते.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी मे महिन्याच्या प्रारंभीच अशा आजी-आजोबांची भेट घ्यावी. शक्य असल्यास त्यांच्यासमवेत शिवारफेरी करावी, अन्यथा घरीच बसून झाडे व शेते नकाशावर नोंदवावीत. ऐकलेले सर्व प्रमाण मानू नये; त्यांनी सांगितलेल्या व इतर झाडांवरील भुंगेऱ्यांची मोजणी करून पडताळणी करावी.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अंतर्गत गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवहीचे काम असते. त्या वृद्धांच्या संमतीने ही माहिती त्यांच्या नावासह तेथे नोंदवावी.

मोहीम संपल्यावर पुन्हा त्यांच्या घरी जाऊन मोजणीचा निष्कर्ष सांगावा आणि पुढील हंगामाविषयी विचारावे. त्यामुळे नोंद अधिक अचूक होते आणि एकट्या राहणाऱ्या माणसाकडे कोणीतरी नियमित येत राहते.