साठ शब्दांचा कायदा

दहशतवादाच्या काळातले अमेरिकेचे परराष्ट्र धोरण समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात एका छोट्या कायद्यापासून करावी. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर तीनच दिवसांत अमेरिकी काँग्रेसने अध्यक्षांना लष्करी बळ वापरण्याचा अधिकार दिला. त्यातले मुख्य कलम इंग्रजीत जेमतेम साठ शब्दांचे. हे हल्ले घडवणाऱ्या, त्यांना मदत करणाऱ्या किंवा हल्लेखोरांना आसरा देणाऱ्या देश, संघटना व व्यक्तींविरुद्ध अध्यक्षांनी कारवाई करावी, एवढाच त्याचा आशय. शत्रू कोण, हे ठरवायचे अध्यक्षांनीच. त्यात अल् कायदाचे नाव नाही, भूगोलाची सीमा नाही, मुदतही नाही.

सिनेटमध्ये ठराव ९८ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाला, प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १. ते एकमेव विरोधी मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे. अध्यक्षांच्या हाती कोरा धनादेश देऊ नये, हे त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले. अफगाणिस्तानातील युद्धासाठी वापरलेला कायदा येमेन आणि सोमालियातील हल्ल्यांनाही आधार ठरला. २०१४ मध्ये ओबामा प्रशासनाने तोच ‘इसिस’विरुद्ध वापरला, जरी अल् कायदाने त्याच वर्षी या संघटनेशी संबंध तोडले होते.

अमेरिकी राज्यघटनेनुसार युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे. म्हणून अभ्यासकाने अध्यक्षांच्या भाषणांबरोबरच कायद्याचा मजकूर आणि मतदानाची नोंद वाचलीच पाहिजे. भीतीच्या दिवसांत दिलेला अधिकार परत घेणे लोकशाहीला किती जड जाते, ते तिथे स्पष्ट कळते.