सव्वापाच इंची फ्लॉपी

आमच्या तंत्रनिकेतनात संगणकाचा विषय सुरू झाला तेव्हा प्रॅक्टिकलच्या जर्नलबरोबर आणखी एक वस्तू विकत आणावी लागली: सव्वापाच इंची फ्लॉपी. काळ्या, वाकणाऱ्या प्लास्टिकच्या चौकोनी वेष्टनात बंद केलेली गोल चकती, मधोमध मोठं भोक, त्याच्या खाली लांबट खाच आणि खाचेतून दिसणारा चकतीचा तपकिरी पृष्ठभाग. त्या खाचेला बोट लावायचं नाही, ही लॅबमधली पहिली सूचना. लेबलावर जे लिहायचं ते चिकटवण्याआधी लिहा. नंतर लिहायची वेळ आलीच तर बॉलपेन नको, स्केचपेन वापरा, ही दुसरी. फ्लॉपी वहीत दुमडू नका, स्पीकरजवळ ठेवू नका, उन्हात सोडू नका.

त्या दिवसांबद्दल बोलणं निघालं की बहुतेकांना थंडगार लॅब, दाराबाहेर काढलेल्या चपला आणि काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं आठवतात. मला सगळ्यात आधी फ्लॉपी आठवते. आपण लिहिलेल्या गोष्टीला संगणकात जागा लागते, ती जागा कुठेतरी असते, मोजता येते आणि तिची काळजी कुणाला तरी घ्यावी लागते, हे मला तिच्यामुळे कळलं.

लॅबमधली यंत्रं आयबीएमच्या पीसी-एक्सटीच्या धर्तीवर बांधलेली होती. ४.७७ मेगाहर्ट्झवर चालणारा ८०८८ प्रोसेसर त्यांत होता. १९८३ साली आलेल्या मूळ एक्सटीला दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. आमच्या यंत्रांना मात्र नुसते दोन फ्लॉपी ड्राइव्ह होते. ए ड्राइव्हमध्ये लॅबची डॉसची फ्लॉपी घालायची, खटका फिरवून बंद करायचा आणि यंत्र चालू करायचं. लाल दिवा लागे, मोटर घुरघुरे, हेड सरकल्याचा करकर आवाज येई. मग जीडब्ल्यू-बेसिक सुरू करायचं आणि बी ड्राइव्हमध्ये स्वतःची फ्लॉपी घालायची. तास संपला की यंत्र बंद, आणि आपण तिथे काही केलं होतं याची एकही खूण त्यात उरत नसे. पुढची बॅच त्याच यंत्रावर बसली तरी तिला आमचं काही सापडण्यासारखं नव्हतं. आमचं जे काही होतं ते आमच्या दप्तरात असायचं.

रॅम आणि डिस्क यांतला फरक पाठ्यपुस्तकात दोन ओळींत होता. खरा फरक शिकवला तो वीज मंडळाने. प्रोग्रॅमच्या तीस-चाळीस ओळी झाल्या आणि वीज गेली की पडद्यावरचं सगळं संपलेलं असे. फ्लॉपीवर पोचलेल्या ओळी तेवढ्या शाबूत. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये एफ-चार ही कळ दाबली की ‘सेव्ह’ हा शब्द आपोआप उमटत असे. थोड्या ओळी झाल्या की बोट त्या कळेवर जाई, आणि लाल दिवा विझेपर्यंत कुणी पुढची ओळ टाइप करत नसे.

फ्लॉपीचा जन्म विद्यार्थ्यांसाठी झालेला नव्हता, घरगुती संगणकासाठीही नव्हता. आयबीएमला आपल्या सिस्टिम-३७० या अवाढव्य संगणकांत सुरुवातीचा सूक्ष्म प्रोग्रॅम भरण्यासाठी स्वस्त, टपालाने पाठवता येईल असं साधन हवं होतं. डेव्हिड नोबल यांच्या गटाने त्यावर काम केलं आणि १९७१ साली आठ इंची फ्लॉपी बाहेर पडली. तिच्यात जेमतेम ऐंशी किलोबाइट मावत आणि ग्राहकाला ती फक्त वाचता येई. सव्वापाच इंची आकार १९७६ साली शुगार्ट असोसिएट्स या कंपनीने आणला. १९८१ च्या आयबीएम पीसीत तिच्या एकाच बाजूवर १६० केबी बसत होते. पुढे दोन्ही बाजू वापरात आल्या, वर्तुळावरचे सेक्टर आठाचे नऊ झाले आणि आम्हाला माहीत असलेली ३६० केबीची फ्लॉपी तयार झाली.

आमच्या सरांनी तो आकडा फळ्यावर सोडवून दाखवला होता, आणि संगणकाचे इतके चांगले तास मी नंतर फार थोडे पाहिले. त्यांनी एक निकामी फ्लॉपी कात्रीने कडेला कापली आणि आतली चकती बाहेर काढून वर्गात फिरवली. पातळ पॉलिएस्टरच्या फिल्मवर लोहाच्या ऑक्साइडचा थर होता. वेष्टनाच्या आतल्या बाजूला मऊ कापडाचं अस्तर होतं. चकती मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरताना ते तिच्यावरची धूळ पुसत राहतं. हार्ड डिस्कचं हेड पृष्ठभागापासून किंचित वर तरंगतं, फ्लॉपीचं प्रत्यक्ष टेकतं. बोट का लावायचं नाही, हे त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही.

मग गणित आलं. एका बाजूवर चाळीस वर्तुळं, म्हणजे ट्रॅक. प्रत्येक ट्रॅकचे नऊ तुकडे, म्हणजे सेक्टर. प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. बाजू दोन. गुणाकार ३,६८,६४०, आणि त्याला १०२४ ने भागलं की बरोबर ३६०. पण कोरी फ्लॉपी फॉरमॅट केल्यावर पडदा सांगायचा ३,६२,४९६. मधले ६,१४४ बाइट गेले कुठे? सरांनी लगेच उत्तर दिलं नाही. ६,१४४ ला ५१२ ने भागा म्हणाले. बारा आले. बारा सेक्टर डॉसने स्वतःसाठी ठेवले होते: एक यंत्र सुरू होताना वाचायचा, सात फाइलींच्या यादीसाठी आणि चार जागेच्या हिशेबाच्या तक्त्यासाठी. हा तक्ता म्हणजे फॅट. तो खराब झाला तर सगळंच हरवेल म्हणून त्याच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात. यादीतली प्रत्येक नोंद बत्तीस बाइटची. सात सेक्टरांत अशा ११२ नोंदी बसतात. म्हणून मूळ यादीत ११२ पेक्षा जास्त फाइली ठेवता येत नाहीत, मग पुढे कितीही जागा रिकामी असो.

फाइल चकतीवर सलग असेलच असं नाही, हेही तेव्हाच समजलं. तिचे तुकडे मिळेल त्या जागी पडतात. सर म्हणाले, सुट्या पानांची पोथी समजा, आणि प्रत्येक पानापुढे कुठलं पान घ्यायचं ते एका वेगळ्या कागदावर लिहून ठेवलंय. तो कागद म्हणजे फॅट. फाइल पुसली की डॉस पानांना हातही लावत नाही. यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे एक ठरलेली खूण टाकतं, आणि तक्त्यातल्या त्या जागा रिकाम्या म्हणून दाखवतं. १९९१ साली डॉसच्या पाचव्या आवृत्तीबरोबर अनडिलीट ही आज्ञा आली. पुसलेली फाइल परत आणताना ती नावाचं पहिलं अक्षर विचारायची, कारण तेवढंच अक्षर खरोखर नाहीसं झालेलं असे. आज्ञा अशी का वागते, याचं उत्तर यंत्राच्या पोटात सापडतं आणि ते विद्यार्थ्यालाही शोधता येतं! या शोधाचा आनंद मला आजवर पुरला आहे.

व्हायरसही याच वाटेने शिकवला गेला. लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी १९८६ साली लिहिलेला ‘ब्रेन’ ३६० केबी फ्लॉपीच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये बसायचा. बारा सेक्टरांचा हिशेब माहीत असलेल्या विद्यार्थ्याला तो कसा पसरतो हे वेगळं समजावावं लागत नसे. यंत्र चालू करताना आपली फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये विसरायची नाही, आणि दुसऱ्याच्या यंत्रावर नेताना कडेच्या चौकोनी खाचेवर पट्टी चिकटवायची. पट्टी असली की ड्राइव्ह त्यावर लिहीत नाही.

मराठीशी फ्लॉपीचं नातं जवळचं आहे. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं. एक्सटीच्या पोटात एक कार्ड बसवलं की डॉसच्या त्याच काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची, जोडाक्षरांसकट. ती अक्षरं इस्की या भारतीय मानकात साठवली जात. १९९१ साली त्याला आयएस १३१९४ हा क्रमांक मिळाला. इस्कीत प्रत्येक चिन्हाला एक बाइट लागतो, आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या चिन्हाला तीन. दोन हजार चिन्हांचं पान धरलं तर एका फ्लॉपीवर पावणेदोनशेहून अधिक मराठी पानं मावत. अख्खी कादंबरी त्या पातळ चकतीवर बसायची.

सव्वापाच इंचीची जागा साडेतीन इंचीने घेतली, तिची सीडीने. सोनीने २०११ च्या मार्चमध्ये साडेतीन इंची फ्लॉपीची विक्रीही थांबवली. आता फ्लॉपीचं चित्र ‘सेव्ह’च्या बटणावर आहे. आजच्या विद्यार्थ्याची फाइल आपोआप साठते, आणि ते चांगलंच आहे. पण ती कुठे आहे, किती मोठी आहे, पुसली म्हणजे नेमकं काय झालं, हे प्रश्न त्याच्यासमोर येत नाहीत. संगणकाच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासात एक तास तरी फ्लॉपी कापून दाखवण्याचा असावा, असं मला मनापासून वाटतं. ३६० केबीचा हिशेब हाताने पुरा करता येतो, दोन टेराबाइटचा येत नाही.

एक काम मात्र तातडीचं आहे. अनेक घरांत, छापखान्यांत, मासिकांच्या कचेऱ्यांत जुन्या फ्लॉपी अजून पडून असतील. त्यांवर प्रबंध असतील, कवितांच्या संहिता असतील, गावच्या शाळेचे निकाल असतील. कोकण-मुंबईच्या पावसाळी हवेत चकतीवर बुरशी धरते आणि तशी चकती ड्राइव्हमध्ये फिरवली की हेड थरच खरवडून काढतं. म्हणून आधी बुरशी पाहायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने साफ करायचं, खाचेवर पट्टी लावायची आणि मगच वाचायचं. सव्वापाच इंचीसाठी जुना ड्राइव्ह शोधावा लागतो. त्याला क्रायोफ्लक्ससारखं छोटं उपकरण जोडलं की आजच्या संगणकावर चकतीची पूर्ण प्रत उतरवता येते. नंतर इस्कीचा मजकूर युनिकोडमध्ये बदलायचा. हे सगळं एखाद्या महाविद्यालयाच्या लॅबला सहज जमण्यासारखं आहे. पावसाळ्याआधी आठवडाभर दार उघडं ठेवून, गावातल्या लोकांना आपापल्या फ्लॉपी घेऊन बोलवावं.