संकेतनियमांची उतरंड : संगणकांच्या परस्परसंवादाचे स्वरूप

दोन पक्षांमध्ये संवाद घडून यावयाचा तर त्यांना जोडणारा मार्ग असला म्हणजे पुरे, असा सर्वसाधारण समज असतो. संगणकांच्या बाबतीत तो विशेषच दृढ झालेला दिसतो. गावात तार आली, मनोरा उभा राहिला, की गाव जगाशी जोडले गेले असे मानण्यात येते. वस्तुतः तार केवळ विजेचे अथवा प्रकाशाचे स्पंद वाहून नेते. त्या स्पंदांचा अर्थ तिला ठाऊक नसतो. दोन्ही टोकांनी आगाऊ मान्य केलेल्या नियमांमुळेच त्यांना अर्थ प्राप्त होतो. या नियमांस प्रोटोकॉल अशी संज्ञा आहे. मराठीत त्यांस संकेतनियम म्हणता येईल. ‘संकेत’ या शब्दात खूण आणि पूर्वी ठरलेला करार हे दोन्ही अर्थ सामावलेले असल्याने तो येथे अन्वर्थक ठरतो.

हा करार एक नसून अनेक आहेत, ते एकावर एक रचलेले आहेत, आणि त्यांपैकी एक जरी मोडला तरी इतर सर्व करार निर्दोष पाळले जाऊनही संवाद निष्फळ होतो, हे या विषयाचे मर्म होय. मराठीत संशोधन करणाऱ्यांना त्याचा अनुभव अनेकदा आलेला आहे. मात्र त्याचे कारण बहुधा चुकीच्या ठिकाणी शोधले जाते.

एका प्रकरणाचा प्रवास

एक उदाहरण कल्पावे. लोहा हे नांदेड-लातूर रस्त्यावरील तालुक्याचे गाव. तेथील एक संशोधक विद्यार्थी आपल्या प्रबंधाचे एक प्रकरण विष्णुपुरी येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात असलेल्या मार्गदर्शकांकडे संगणकाद्वारे पाठवीत आहे. प्रकरणाचा आकार ३० लक्ष बाइट आहे असे धरू. हे प्रकरण अखंड स्वरूपात मार्गस्थ होत नाही. इथरनेट या प्रचलित पद्धतीत एका खेपेस सर्वसाधारणपणे १,५०० बाइटांहून अधिक मजकूर जात नाही. त्यातील ४० बाइट पत्ता, अनुक्रमांक इत्यादी तपशिलासाठी खर्ची पडतात. उरलेल्या १,४६० बाइटांच्या हिशेबाने या प्रकरणाचे २,०५५ तुकडे होतात. या तुकड्यांस पॅकेट म्हणतात.

प्रत्येक पॅकेटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा अंकात्मक पत्ता असतो. वाटेतील राउटर हे यंत्र तो पत्ता वाचते आणि पुढचा टप्पा कोणता एवढेच ठरविते. संपूर्ण मार्ग कोणत्याही एका यंत्रास ठाऊक असावा लागत नाही. लोह्याची जोडणी एका कंपनीची आणि विद्यापीठाची दुसरीची असेल, तर पॅकेट सरळ रस्त्याने विष्णुपुरीस न जाता, जेथे त्या दोन जाळ्यांची देवाणघेवाण होते अशा मुंबईसारख्या शहरातूनही फिरून येऊ शकते. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लक्ष किलोमीटर धावतो. त्यामुळे सुमारे १,२०० किलोमीटरांच्या या फेऱ्यास, यंत्रांतील विलंब वगळता, ६ सहस्रांश सेकंद पुरतात.

पत्ता व मार्ग यांच्याशी संबंधित या नियमास इंटरनेट प्रोटोकॉल, संक्षेपाने आयपी, म्हणतात. त्याचे लक्षणीय वैशिष्ट्य असे की तो कशाचीही हमी देत नाही. पॅकेट हरवेल, उशिरा पोचेल, मागचे पुढे येईल, क्वचित एकाचे दोन होतील. राउटर त्याची जबाबदारी घेत नाही. वरवर पाहता ही उणीव भासते. तथापि वाटेतील यंत्रांकडून अपेक्षा अल्प ठेवल्यामुळेच तांब्याची तार, काचतंतू, बिनतारी लहर, उपग्रह अशा भिन्न साधनांना एका जाळ्यात गुंफणे शक्य झाले. ज्याला थोडेच करावयाचे असते, त्याला सामील होणे सुलभ जाते.

विश्वासार्हता येते ती दोन टोकांकडून. तो भार ट्रान्समिशन कंट्रोल प्रोटोकॉल, म्हणजे टीसीपी, हा दुसरा नियम वाहतो. आरंभी पाठविणारा संगणक संवादाची इच्छा कळवितो, घेणारा ती स्वीकारून आपली तयारी कळवितो, आणि पहिला त्या उत्तराची पोच देतो. या तीन निरोपांनंतर मजकूर सुटतो. प्रत्येक बाइटास क्रमांक असतो. घेणारा ‘अमुक क्रमांकापर्यंत सर्व मिळाले, पुढचे पाठवावे’ अशी पोच देत राहतो. समजा सातशेवे पॅकेट हरवले. मग त्यानंतरची पॅकेटे पोचली तरी पोच सातशेव्याच्याच मागणीची पुनःपुन्हा येते. अशी पुनरुक्त पोच तीनदा आली की पाठविणारा तेवढेच पॅकेट पुन्हा पाठवितो. पोच मुळीच न आल्यास ठराविक काळ वाट पाहून तो तेच करतो.

प्रत्येक पॅकेटाच्या पोचेसाठी थांबावयाचे ठरविले आणि जाण्यायेण्यास ५० सहस्रांश सेकंद लागतात असे मानले, तर २,०५५ पॅकेटांस १०३ सेकंद लागतील. म्हणून एकाच वेळी अनेक पॅकेटे वाटेत ठेवण्याची मुभा आहे. मात्र ती किती असावीत, हा प्रश्न साधा नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथून सुमारे ४०० यार्डांवरील विद्यापीठ यांच्यामधील वहनाचा वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. हरवलेली पॅकेटे सर्वांनी एकदम पुन्हा पाठविल्याने मार्ग तुंबला होता. व्हॅन जेकब्सन यांनी १९८८ मध्ये यावरील उपाय प्रसिद्ध केला : पॅकेट हरवणे हे गर्दीचे चिन्ह समजून प्रत्येकाने आपला वेग स्वतः होऊन कमी करावा आणि पुढे तो बेताबेताने वाढवावा. अरुंद जोडणीवर अनेक जण विसंबून असलेल्या गावी आजही सर्वांचे थोडेथोडे काम चालू राहते, ते या स्वयंसंयमाच्या नियमामुळेच.

उतरंडीचे तत्त्व

वरील नियमांची रचना घरातील उतरंडीसारखी आहे. तळाशी तार वा लहर यांचे नियम, त्यावर आयपी, त्यावर टीसीपी, आणि सर्वांत वर पत्र, संकेतस्थळ, फाइल यांचे नियम. प्रत्येक मडक्याचा संबंध फक्त खालच्याशी व वरच्याशी. तळाची तांब्याची तार काढून काचतंतू घातला तरी वरच्या पत्राचा मजकूर बदलावा लागत नाही. वर नवी सेवा ठेवली तरी राउटर बदलावे लागत नाहीत.

ही कल्पना व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांच्या १९७४ मधील निबंधातून पुढे आली, आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट या अमेरिकी जाळ्याने टीसीपी-आयपीचा स्वीकार केला. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने सात थरांचा ओएसआय हा दुसरा आराखडा मान्य केला. कोणता आराखडा टिकेल हे त्या काळी निश्चित नव्हते. भारतातील शैक्षणिक जाळ्याचा, म्हणजे अर्नेटचा, आरंभ १९८६ मध्ये झाला, तो या संदिग्ध काळात. केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग व संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने आठ संस्था त्यात सहभागी झाल्या. मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था आणि पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था त्यांपैकी होत. प्रारंभी साध्या दूरध्वनीवरून ठराविक वेळी पत्रे पुढे ढकलण्याची पद्धत होती. पुढे उभारलेल्या कण्यावर टीसीपी-आयपी व ओएसआय या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालविण्यात आल्या. १९९५ नंतर जवळजवळ सर्व वाहतूक टीसीपी-आयपीवर आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. सर्वांस खुला असलेला आणि प्रत्यक्ष चालत असलेला नियम अखेर टिकला, एवढा निष्कर्ष या इतिहासातून काढता येतो.

पोचलेले परंतु न वाचता येणारे

आता लोह्याहून निघालेल्या प्रकरणाकडे पुन्हा वळावे. २,०५५ पॅकेटे पोचली, क्रमवार जुळली, एकही बाइट गहाळ झाला नाही. आणि तरीही पडद्यावर मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे उमटली. असा अनुभव अनेकांस आलेला आहे. दोष जाळ्यास दिला जातो. परंतु जाळ्याने आपले सर्व करार पाळलेले असतात. मोडलेला असतो तो सर्वांत वरचा करार, म्हणजे कोणता अंक कोणत्या अक्षराचा हा.

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली प्रमाण म्हणून स्वीकारली होती. तथापि व्यवहारात निरनिराळ्या टंकसंचांनी आपापल्या सोयीने अंक वाटून घेतले. परिणामी एका टंकसंचातील मजकूर तोच टंकसंच नसलेल्या संगणकावर वाचता येईना. युनिकोडने देवनागरीस २३०४ ते २४३१ हे क्रमांक दिल्याने हा प्रश्न तत्त्वतः मिटला. ‘लोहा’ हा शब्द त्यात चार घटकांचा : ल २३५४, ओकाराची मात्रा २३७९, ह २३६१, काना २३६६. यूटीएफ-८ या पद्धतीने प्रत्येक घटकाचे तीन बाइट होतात. म्हणजे गावाचे नाव बारा बाइटांत मार्गस्थ होते. त्यातील ल म्हणजे २२४, १६४, १७८ हे तीन अंक. घेणाऱ्याने ‘एक बाइट म्हणजे एक अक्षर’ असा निराळा करार गृहीत धरला, की याच तीन अंकांची तीन असंबद्ध चिन्हे होतात आणि ‘लोहा’ हा शब्द बारा चिन्हांचा गोंधळ होऊन बसतो.

उतरंडीचे सामर्थ्यही येथेच प्रत्ययास येते. यूटीएफ-८ आले म्हणून एकही राउटर बदलावा लागला नाही. संकेतस्थळांच्या नावांची जुनी व्यवस्था रोमन अक्षरे, अंक व संयोगरेषा यांवर आधारलेली असताना २०१४ मध्ये देवनागरीतील ‘.भारत’ हे नामक्षेत्र सुरू झाले, तेही जुनी व्यवस्था न मोडता. देवनागरी नावाचे रोमन रूपांतर टोकावरील संगणक करतो. मधल्या यंत्रांस त्याची वार्ताही नसते.

संशोधनाच्या दृष्टीने हा प्रश्न गौण नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांन्वये प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक ठरविले, आणि ‘शोधगंगा’ या संग्रहात अशा प्रती ठेवल्या जातात. जुन्या टंकसंचात सिद्ध केलेला प्रबंध तेथे सुरक्षित राहील, त्याचे पृष्ठ पडद्यावर कदाचित सुबकही दिसेल. परंतु शोधयंत्रास त्यात ‘लोहा’ हा शब्द सापडणार नाही, कारण त्याच्या लेखी तेथे तो शब्दच नाही. जो प्रबंध शोधात सापडत नाही, तो पुढील अभ्यासकासाठी जवळजवळ लिहिलाच गेला नाही असे होते. यावर उपाय तार वाढविण्याचा नसून मजकूर युनिकोडमध्ये सिद्ध करण्याचा, आणि जुना मजकूर रूपांतरित करून मूळ प्रतीशी ताडून पाहण्याचा आहे.

तात्पर्य, तार आणणे हे शासनाचे व कंपन्यांचे काम असेल. खालचे करार पाळणे हे यंत्रांचे काम आहे, आणि ती ते चोख बजावतात. उतरंडीचे सर्वांत वरचे मडके मात्र लिहिणाऱ्याच्या हाती असते. त्याने ते नीट ठेवले, तर लोह्यात लिहिलेले मराठी वाक्य जगाच्या कोणत्याही टोकास जसेच्या तसे पोचते, आणि पोचून ओळखलेही जाते.