परतीची वेळ आधी ठरवा

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता माझा पुतण्या एक छापील अर्ज घेऊन माझ्यासमोर बसला. सह्याद्रीच्या डोंगरांतून पळण्याची पंचवीस किलोमीटरची स्पर्धा होती. अर्जात नाव, वय, रक्तगट असे रकाने होते आणि सर्वांत खाली एक रकाना होता : अपघात झाल्यास कोणाला कळवावे? तिथे त्याने माझे नाव लिहिले होते. म्हणाला, "बडे अब्बा, अब्बूंचं नाव लिहिलं तर ते जाऊच देणार नाहीत."

कविता लिहिणाऱ्या माणसाला शब्द लवकर टोचतात. 'अपघात' हा शब्द तर आम्हा फुलसावंगीकरांना जरा जास्तच टोचतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्या गावातल्या एका चोवीस वर्षांच्या तरुणाने स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर तयार केले होते. शिक्षण बेताचे, पण हातात विलक्षण कसब. त्याची चाचणी घेताना पंखा तुटला आणि पोरगा गेला. महागाव तालुक्यातल्या या गावाचे नाव त्या दिवशी देशभर पोचले, ते असे. तेव्हापासून मुलाने धाडसाचे नाव काढले की इथले आईबाप त्याचा हात धरतात. माझा धाकटा भाऊ त्यांतलाच. त्याच्या काळजीला मी भित्रेपणा म्हणणार नाही. पण मला एक प्रश्न पडला होता. चूक धाडसाची असते, की धाडसाच्या शेजारी जे असायला हवे ते नसते?

डोंगर आम्हाला परका नाही. पुसदच्या आजूबाजूला डोंगरच आहेत. माहूरच्या गडावर रेणुकामातेला आणि सोनापीराच्या दर्ग्याला जाणारी माणसे आमच्याकडे घरोघर सापडतील. पण ती चढण श्रद्धेची. दम लागला, बसलो. उशीर झाला, मुक्काम केला. स्पर्धेच्या डोंगरावर मात्र घड्याळ असते. साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटात २०१२ पासून हिल मॅरेथॉन होते, ती निदान डांबरी रस्त्यावरची. पुतण्याची स्पर्धा पायवाटेवरची होती. तिथे जीप पोचत नाही, पावसात दगड निसटतात, धुक्यात वाट दिसत नाही.

मी त्याला विचारले, "थकलास तर काय?" तेव्हा त्याने मला 'कट-ऑफ' समजावून सांगितला. वाटेवर ठरावीक अंतरावर चौक्या असतात. प्रत्येक चौकीला वेळ नेमून दिलेली असते. त्या वेळेत पोचला नाहीत, तर तुमचा क्रमांक काढून घेतात आणि तुम्हाला खाली उतरवतात. पायांत कितीही जोर असो, विनवणी चालत नाही.

मला हे आधी निर्दयी वाटले. मग त्यामागचे कारण समजून घेतले. आपल्या शरीराचे तापमान सदतीस अंशांच्या आसपास असते. भिजलेल्या कपड्यांवर वारा लागला की शरीर वेगाने थंड होते. त्याला बर्फच लागतो असे नाही. आतले तापमान पस्तिसाच्या खाली गेले की धोका सुरू होतो. आधी हुडहुडी भरते, मग बोटे ऐकेनाशी होतात, बोलणे अडखळते आणि बुद्धी मंद होते. म्हणजे 'आता परत फिरावे' हा निर्णय ज्या बुद्धीने घ्यायचा, तीच ऐनवेळी दगा देते. उंच शिखरांवर विरळ हवेमुळे हेच घडते. म्हणून परतीची वेळ खाली, शुद्धीवर असताना ठरवायची आणि ती पाळण्याचे काम दुसऱ्याच्या हाती द्यायचे.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. १७२ जण धावत होते. दुपारी अचानक गारांचा पाऊस आणि वादळी वारा सुटला. बहुतेकांच्या अंगावर पातळ कपडे. वाऱ्यापासून वाचवणारे जाकीट सक्तीचे नव्हते. २१ धावपटू गेले. काहींचे प्राण एका मेंढपाळाने वाचवले. त्याने त्यांना गुहेत नेऊन शेकोटी पेटवली. मेलेले कच्चे गडी नव्हते, त्यांत नामवंत धावपटू होते.

उलट उदाहरण स्वीडनच्या गोरान क्रॉपचे. हा गडी स्वीडनहून सायकलवर नेपाळला आला. मे १९९६ च्या सुरुवातीला एव्हरेस्टचे शिखर सुमारे शंभर मीटरवर असताना, उशीर झाला म्हणून माघारी फिरला. काही दिवसांनी त्याच पहाडावर वादळात आठ जण दगावले. त्यांतल्या काहींनी परतीची ठरलेली वेळ ओलांडली होती. क्रॉप २३ मे रोजी पुन्हा चढला आणि शिखरावर पोचला.

आपल्या विदर्भातही असे शहाणे धाडस घडले आहे. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले : मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम. ऑगस्ट २०१७ पासून वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लडाख असे त्यांचे प्रशिक्षण चालले होते. हिंमत पोरांची होतीच, पण तिच्या शेजारी शिकवणारे आणि थांबवणारे उभे होते.

आमच्या गावच्या त्या पोरापाशी हिंमत कमी नव्हती. त्याच्या शेजारी अशी व्यवस्था नव्हती, एवढेच.

स्पर्धेला मी पुतण्याबरोबर गेलो. पहाटे सोडले आणि शेवटच्या कमानीपाशी बसून राहिलो. पाऊस थांबत नव्हता. पोरे येत होती, हा येत नव्हता. खिशातला फोन वाजू नये म्हणून दुआ करत होतो. दुपारी आयोजकांच्या जीपमधून तो उतरला, ओठ निळसर, मान खाली.

गावात आल्यावर चौकात टोमणे झालेच. "काय, अर्ध्यातूनच?" भावाला मी सगळे सांगितले. त्याने एवढेच विचारले, "याला थांबवलं कोणी?" पुतण्या म्हणाला, "चौकीवर एक मुलगी होती. म्हणाली, बारा मिनिटं उशीर झालाय, पुढे नाही. मी भांडलो तिच्याशी." भाऊ बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अल्लाह त्या पोरीचं भलं करो."

तुमच्या घरातले कोणी असा अर्ज घेऊन आले, तर लगेच नाही म्हणू नका. चार प्रश्न विचारा. चौक्या किती? कट-ऑफ किती वाजता? सर्वांच्या मागून चालणारे स्वयंसेवक आहेत का? जाकीट, शिट्टी आणि विजेरी सक्तीची आहे का? उत्तरे मिळाली नाहीत, तर तो अर्ज भरू नका.

यंदा पुतण्याने पुन्हा अर्ज भरला आहे. खालच्या रकान्यात या वेळी माझे नाव नाही. तिथे माझ्या भावाने स्वतःच्या हाताने आपले नाव लिहिले आहे.