तक्त्यातील आकडे आणि छापील पान

कीर्द आणि खतावणी यांतील भेद आपल्या पेढ्यांवर मुलास मिसरूड फुटण्यापूर्वीच कळतो. कीर्दीत व्यवहार घडला त्या क्रमाने उतरतो, खतावणीत तो ज्याच्या त्याच्या नावे लागतो, आणि गिऱ्हाइकाच्या हाती जातो तो खातेउतारा या दोहोंहून निराळा, स्वच्छ अक्षरांत लिहिलेला कागद असतो. आज कीर्दीची जागा बहुतेक दुकानांत संगणकावरील एक्सेलच्या तक्त्याने घेतली आहे. परंतु तक्ता छापला की उतारा झाला, असा एक समजही त्याबरोबर रूढ झाला. मग अर्धा रकाना एका पानावर व अर्धा दुसऱ्यावर अशी पत्रके निघतात, ती गिऱ्हाइकास उलगडत नाहीत, आणि न उलगडलेल्या हिशेबावर कोणीही पैसे लवकर देत नाही.

आकड्यांच्या रकान्यांना वाचनीय पान करण्याची विद्या मराठी मुलखास नवी नाही. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले. तिथी, वार, नक्षत्र, योग व करण यांचे ते एक मोठे कोष्टकच होय, आणि सामान्य गृहस्थास ते दिव्याच्या उजेडात वाचता येत असे. संगणकावरचे कोष्टक त्या मानाने फारच अलीकडचे. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिजिकॅल्क’ १९७९ साली निघाले आणि ‘एक्सेल’ १९८५ साली. ही साधने हिशेब करण्यासाठी घडविली गेली. पान सजविणे हा त्यांचा मूळ धर्म नव्हे.

त्याहून मोठा धोका आकडा छापण्याआधीच उद्भवतो. एक्सेलला प्रत्येक अंक हा बेरीज-वजाबाकीचा अंक वाटतो. कापसाचा वस्तुसंकेतांक ५२०१ त्यात सुखरूप राहतो; परंतु तूरडाळीचा ०७१३ लिहिला की पुढचे शून्य गळून ७१३ उरते, आणि हळदीचा ०९१० हा ९१० होतो. बँकेच्या सोळा अंकी खातेक्रमांकाची गत याहून वाईट. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूकता राखते व सोळाव्या जागी निमूटपणे शून्य ठेवते. छापील पत्रकावर असा क्रमांक गेला तर रक्कम अडकून पडेल, की परक्या खात्यात उतरेल? यास उपाय एकच. असे रकाने आकडे भरण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवावेत. नंतर ठरविले तर गळालेले शून्य परत येत नाही.

ही केवळ गावठी दुकानदारांची अडचण आहे, असे कोणी मानू नये. २०२० साली मानवी जनुकांची नावे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने काही नावे बदलली, कारण ‘मार्च १’ व ‘सेप्ट १’ यांसारखी नावे एक्सेल परस्पर तारखा समजत असे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसल्याने कोरोनाचे १५,८४१ रुग्ण दैनिक अहवालातून गळाले, आणि त्यांच्या संपर्कातील माणसांस वेळेवर सूचना गेली नाही. तक्ता भरल्याचे त्याने कोणास सांगितले नव्हते.

आता प्रत्यक्ष छपाई. दरपत्रक किंवा मालाची यादी असेल तर एक्सेलमधूनच काम भागते. छापावयाचा भाग निश्चित करावा, शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर पुन्हा येईल अशी सोय ‘प्रिंट टायटल्स’मध्ये करावी, आणि सर्व रकाने एका पानाच्या रुंदीत बसवून उंची मोकळी सोडावी. उंचीही एका पानात कोंबली की अक्षर मुंगीएवढे होते.

सभासदांची सूची किंवा थकबाकीची पत्रे यांस मात्र ‘वर्ड’ची ‘मेल मर्ज’ ही सोय योग्य. तीत एक नमुना लिहावयाचा, नाव, पत्ता व रक्कम यांच्या जागा रिकाम्या ठेवावयाच्या, आणि तक्त्यातील एकेक ओळ त्या जागांत आपोआप जाऊन बसते. ‘लेटर्स’ हा प्रकार निवडला तर प्रत्येक सभासदास स्वतंत्र पान मिळते. सूचीसाठी ‘डिरेक्टरी’ निवडावी, म्हणजे नोंदी एकाखाली एक येतात. येथे एक खोच आहे. तक्त्यात दिसणारी सजावट मर्जमध्ये येत नाही. १२,५०,००० चे १२५०००० होते, आणि तारीख पुष्कळदा अमेरिकी रीतीने, महिना आधी, उतरते. पाच एप्रिलचा वायदा चार मे असा छापला गेला, तर एका महिन्याच्या व्याजाचा तंटा उभा राहिला म्हणून समजावे. आमच्या मते तक्त्यातच शेजारी एक रकाना घेऊन, ‘टेक्स्ट’ या सूत्राने तारीख व रक्कम आपल्या रीतीने मजकुररूपात लिहून घ्यावी आणि मर्जमध्ये तोच रकाना वापरावा, हे सर्वांत निर्धोक.

नोंदींचा क्रम हा स्वतंत्र विषय आहे. ‘मेसर्स’ हा शब्द पेढीच्या नावाच्याच घरात लिहिला तर सारी व्यापारपेठ ‘म’ या एका अक्षराखाली गोळा होते. त्यास निराळा रकाना द्यावा. ‘श्री’चेही तेच. युनिकोडच्या निव्वळ संकेतांकांनुसार क्षीरसागर ‘क’मध्ये व ज्ञानचंद ‘ज’मध्ये जातात, आणि ‘ळ’ हा ‘ल’ नंतर लगेच येतो. शाळेत शिकलेला क्रम हवा असेल तर क्रमांकाचा एक रकाना हाताने भरावा लागतो.

मावल्यासारख्या, राष्ट्रीय महामार्ग ४४ वरच्या आणि पैनगंगेपलीकडे महाराष्ट्राशी रोजचा व्यवहार असलेल्या भागात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक तेलंगणासाठी ३६ व महाराष्ट्रासाठी २७ असतात. पत्ता यवतमाळ जिल्ह्यातला आणि क्रमांक ३६ ने सुरू होणारा दिसला, तर छापण्याआधी विचारून घ्यावे. क्रमांक चुकला की खरेदीदाराची करवजावट अडते. दुसरे, ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. जुन्या याद्यांवरून तयार केलेल्या तक्त्यात निर्मल, मंचेरियाल व आसिफाबाद येथील पत्त्यांपुढे अद्याप ‘जि. आदिलाबाद’ राहिलेले असू शकते. ते सरसकट बदलू नये, गावागणिक पाहून बदलावे.

मुद्रणालयास फाइल द्यावयाची ती पीडीएफ करून, अक्षरवळणे तीतच समाविष्ट करून द्यावी. नाहीतर त्यांच्या यंत्रावर वेलांट्या व रफार जागा सोडतात. पक्की मुद्रिते दोघांनी मिळून तपासावीत. एकाने छापील पान मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने मूळ तक्त्यावर बोट फिरवावे, आणि शेवटी तक्त्यातील ओळी व सूचीतील नोंदी मोजून दोन्ही संख्या जुळल्यावरच सही करावी.