तीस दिवसांची मुदत कोणाच्या पथ्यावर?

अमेरिकेत विमान कंपन्यांतील कामगार-करार मुदत संपली म्हणून रद्द होत नाहीत. १९२६ चा रेल्वे कामगार कायदा १९३६ साली विमान वाहतुकीसही लागू झाला. तेव्हापासून सरकारी मध्यस्थ मंडळाने हात टेकल्यावरही तीस दिवस थांबल्याखेरीज संप करता येत नाही. हेतू असा की, संतापाला उतार पडावा. परंतु या कालहरणाचा लाभ कोणाला?

नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने २००५ साली मेकॅनिकांच्या संघटनेकडे वर्षाला १७.६ कोटी डॉलरांची बचत मागितली: वेतनात सुमारे चतुर्थांश कपात आणि निम्म्या नोकऱ्यांवर गदा. २० ऑगस्टला सुमारे ४,४०० कामगार संपावर गेले. पण कंपनीने बदली मेकॅनिक आधीच तयार ठेवले होते. विमाने, थोडी रखडत का होईना, उडत राहिली.

कारागिराचे बळ त्याच्या दुर्मिळतेत असते, असे आम्ही वर्गात शिकवतो. ती दुर्मिळता मालकाला सवड मिळाली की भरून काढता येते. मग उरते ती शेजाऱ्याची साथ. आणि तीच येथे नव्हती. मोठी संघटना सोडून मेकॅनिकांनी पूर्वीच वेगळी चूल मांडली होती. त्या संघटनेचे सामान चढवणारे कामगार, तसेच वैमानिकही, कामावर गेले. सप्टेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. संप अधिकृतपणे मिटला तो नोव्हेंबर २००६ मध्ये. तोवर त्या जागांवर दुसरे लोक रुळले होते.