दुर्बिणीतून हर्निया : भोके लहान, दुखणे केवढे?

गेल्या ज्येष्ठात माझ्या उजव्या जांघेतल्या हर्नियाचे दुर्बिणीतून ऑपरेशन झाले. गेली तीस वर्षे पाथर्डी तालुक्यात माझा दवाखाना आहे. या काळात हर्नियाचे कितीतरी रोगी मी नगरला सर्जनकडे पाठवले आणि ऑपरेशन करून परत आलेल्या प्रत्येकाला एकच ठरलेले वाक्य ऐकवले, "थोडं दुखणारच. तीन महिने वजन उचलू नका." स्वतः खाटेवर पडल्यावर लक्षात आले, की या वाक्याचा पहिला भाग अपुरा आहे आणि दुसरा जुना.

हर्निया म्हणजे काय, हे सायकल वापरणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. टायर एका जागी विरला की तिथून ट्यूबचा फुगा बाहेर येतो. तसेच पोटाच्या भिंतीतल्या कमजोर जागेतून आतली चरबी किंवा आतडे बाहेर डोकावते. पूर्वी जांघेत तीन-चार इंचांचा छेद घेऊन ही जागा शिवत. दुर्बिणीने शस्त्रक्रिया करण्याची लाट आपल्या देशात आली ती १९९० पासून. त्या वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. हर्नियासाठी बेंबीजवळ एक सेंटिमीटरभर आणि खाली अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरची दोन अशी साधारण तीन भोके पाडतात. त्यातून आत जी जाळी बसवतात ती मात्र १५ बाय १० सेंटिमीटरची, म्हणजे पोस्टकार्डाहून जरा मोठीच असते. ती पसरायला स्नायूंच्या मागची तेवढी जागा मोकळी करावी लागते. घरच्यांना वरची भोके दिसतात, आतले पोस्टकार्ड दिसत नाही. "अहो, दुर्बिणीतून झालंय ना, मग एवढं काय कण्हताय?" हे मला दुसऱ्याच दिवशी घरात ऐकावे लागले.

भूल उतरली तेव्हा जांघेपेक्षा उजवा खांदाच जास्त दुखत होता. पोट फुगवून जागा करण्यासाठी आत कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याने छाती आणि पोट यांमधला पडदा चुरचुरतो. या पडद्याची नस मानेतून, खांद्याच्या नसांच्या शेजारूनच निघते, त्यामुळे मेंदूला वाटते की खांदाच दुखतो आहे. हे सारे मी पुस्तकात वाचले होते, तरी त्या रात्री हृदयाची शंका मनात येऊन गेलीच. वायूचे दुखणे दोन-तीन दिवसांत जाते आणि उठून चार पावले चालले की हलके होते. मात्र छाती आवळणे, घाम सुटणे, धाप लागणे यांपैकी काही असेल तर "गॅस असेल" म्हणून गप्प बसू नये, ताबडतोब सांगावे.

पुढचे तीन-चार दिवस ठणक्याचे. बेंबीजवळच्या टाक्यात ठणका आणि उठताना आतून कोणी ओढल्यासारखे. यावर दोन गोष्टींचा मला खरा उपयोग झाला. पॅरासिटामॉलची गोळी दुखायची वाट न पाहता ठरल्या वेळी, सांगितल्या प्रमाणात घेतली. आणि खाटेवरून सरळ न उठता आधी कुशीवर वळून, कोपराने रेटा देऊन उठलो. खोकला किंवा शिंक आली तर पोटावर उशी घट्ट धरावी. सर्वांत वाईट दिवस तिसरा. दुखण्याच्या तीव्र गोळ्यांनी पोट बांधले गेले आणि कुंथताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. इसबगोल आणि भरपूर पाणी पहिल्याच दिवसापासून सुरू करायला हवे होते. रोग्यांना हे सांगणारा मी स्वतः विसरलो! लघवीचीही गोष्ट लाजेमुळे लोक दडवतात. ऑपरेशननंतर काही तासांत लघवी झाली नाही तर लगेच सांगावे, प्रोस्टेट वाढलेल्यांनी तर नक्कीच.

पाचव्या दिवशी जांघेत पुन्हा गोळा दिसला आणि आसपासची कातडी काळीनिळी झाली. "हर्निया परत आला" म्हणून धावत येणारे रोगी मी पुष्कळ पाहिले आहेत. बहुतेकदा ते हर्नियाच्या रिकाम्या जागेत साठलेले पाणी असते. खोकल्यावर तो गोळा वाढत नाही, दाबला तर आत जात नाही, आणि काही आठवड्यांत आपोआप जिरतो. सुई घालून ते काढण्याचा आग्रह धरू नये, जाळीला जंतूंची लागण होण्याची भीती असते. घट्ट चड्डी किंवा लंगोट बरा पडतो. ताप, टाक्यातून पू, पोट फुगून उलट्या, पोटरीला सूज किंवा अंडकोशात असह्य कळ असेल तर मात्र घरी थांबू नये.

आता ते तीन महिने. स्नायू ताणून, टाके घालून शिवत तेव्हाचा हा नियम. टाका तुटेल ही भीती त्यामागे होती. जाळी आल्यापासून स्नायू ताणावे लागत नाहीत. (जाळीच्या किमतीवरून एक आठवण. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाच्या डॉ. टोणगावकरांनी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरले आणि २००३ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. ही ऑपरेशने उघड्या छेदाची होती. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर अशाच स्वस्त कापडाची बाजारातल्या जाळीशी तुलना झाली. २०१६ साली निकाल आला तेव्हा स्वस्त कापड मागे पडले नव्हते. खेड्यातल्या डॉक्टराला याचा अभिमान वाटल्याशिवाय राहत नाही.) २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तर सांगतात, की झेपेल तसे लवकरात लवकर नेहमीचे व्यवहार सुरू करावेत, तीन ते पाच दिवसांतही चालेल. मी सहाव्या दिवशी दवाखान्यात बसलो. स्कूटर दुसऱ्या आठवड्यात काढली, तीही गाडी उभी ठेवून करकचून ब्रेक दाबून पाहिल्यावर. पण नेहमीचा व्यवहार म्हणजे कोणाचा? उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणे हाही आमच्या तालुक्यात नेहमीचाच व्यवहार आहे. अशा ओझ्याला तीन-चार आठवडे थांबा आणि सर्जनला आपले काम नीट सांगून विचारा, असे मी आता सांगतो.

आता जे सांगायचे ते सांगताना अवघडल्यासारखे होते. मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास एक ऊसतोड कामगार बायकोबरोबर दवाखान्यात आला होता. वय बत्तीस-तेहतीस. दुर्बिणीतून ऑपरेशन होऊन चार महिने झालेले. म्हणाला, "डॉक्टर, मांडीवर निखारा ठेवल्यावानी होतंय बघा. पँट घासली तरी जीव जातोय." बायको म्हणाली, "भोकं तर बोटाच्या पेराएवढी बी नाहीत, अन् ह्ये अजून दुखतंय म्हणत्यात." जांघ तपासली, हर्निया नव्हता. मी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि "मनावर घेऊ नकोस" म्हणून वाटेला लावले. कोयता ठरला होता, मुकादमाची उचल घेतलेली होती. तो गेला.

यंदा ऑपरेशननंतर दुसऱ्या आठवड्यात माझ्याच मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग सुरू झाली. ठणका नाही, कळ नाही, आगच. धोतराचा काठ लागला तरी हुळहुळायचे, आणि मधोमध हाताएवढी जागा बधिर. ही नसेची भाषा. मांडीच्या बाहेरच्या कातडीची नस जाळीच्या जागेजवळूनच जाते. ती दुखावली, किंवा जाळी अडकवणारी पिन तिच्याजवळ बसली, तर असे होते. माझे सहा आठवड्यांत थांबले. सगळ्यांचे थांबत नाही. त्याच आंतरराष्ट्रीय सूचनांत आकडा आहे : जांघेच्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर १० ते १२ टक्के लोकांना लक्षात येण्याजोगे दुखणे बराच काळ राहते आणि काळाबरोबर ते कमी होत जाते. काम थांबवील एवढे तीव्र दुखणे त्याहून थोड्यांना. उघड्या छेदापेक्षा दुर्बिणीत हे प्रमाण कमी, पण शून्य नाही.

म्हणून डॉक्टरकडे जाल तेव्हा नुसते "दुखतंय" म्हणू नका. ठणका, ओढ, चमक, कळ, आग, मुंग्या, बधिरपणा असे आपल्या भाषेत किती शब्द आहेत! ठणका आणि ओढ दिवसागणिक कमी होत असेल तर चिंता नको. आग, मुंग्या किंवा विजेसारखी चमक असेल, किंवा कुठलेही दुखणे तीन महिन्यांनंतर टिकून असेल, तर ऑपरेशन केलेल्या सर्जनकडेच परत जावे. नसेच्या दुखण्यावर साध्या गोळ्या फारशा चालत नाहीत. त्याची औषधे वेगळी आहेत, नसेजवळ इंजेक्शन देता येते, आणि क्वचित पिन किंवा जाळी काढावी लागते.

आषाढात त्या कामगाराला मी निरोप पाठवून बोलावून घेतले. मागच्या हंगामात मोळ्या बायकोने वाहिल्या, त्याने फक्त तोडणी केली. मुकादमाने त्याला कामचुकार ठरवले. नगरच्या सर्जनना मी चिठ्ठी लिहून दिली आणि या वेळी चिठ्ठीत "निखारा" हा त्याचाच शब्द लिहिला. नसेजवळ एक इंजेक्शन झाले आहे. आग निम्म्याने उतरली असे तो सांगतो, पण रात्री अजून जाग येते. यंदाची उचल घेऊन मुकादम दोनदा घरी येऊन गेला. त्याने अजून ती घेतलेली नाही. पुढच्या मंगळवारी दुसऱ्या इंजेक्शनसाठी त्याला नगरला जायचे आहे.